वाटाण्यांची शिरगणती

१८२०च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात जॉन गॉस नावाच्या हौशी बागवानाने निळसर दाण्याच्या वाटाण्याची काही फुले हेरली, त्यांतले पुंकेसर काढून टाकले आणि पांढुरक्या दाण्याच्या बुटक्या वाटाण्याचे पराग त्यांना लावले. शेंगा भरल्या तेव्हा आतले दाणे सगळेच्या सगळे पिवळट पांढरे निघाले. आईचा निळा रंग औषधालाही उरला नव्हता. गॉसने ते दाणे जपून पुढच्या हंगामात पेरले. आता काही शेंगांत सगळे निळे, काहींत सगळे पांढरे, तर पुष्कळ शेंगांत एकाच टरफलाच्या आत दोन्ही रंग शेजारी शेजारी. निळे वेगळे काढून पेरले, तर निळ्यापोटी निळेच येत राहिले. पांढऱ्यांपोटी मात्र पुन्हा सरमिसळ.

हे सगळे गॉसने लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीला कळवले आणि तिच्या नियतकालिकात ते छापूनही आले. एक रंग दुसऱ्याला झाकतो, झाकलेला रंग नातवंडांत उसळून येतो, आणि असा वर आलेला रंग पुढे इमानाने आपला वंश चालवतो, हे तिन्ही त्याच्या परसात दिसून चुकले होते. त्याने एकच गोष्ट केली नाही. निळे किती आणि पांढरे किती, हे मोजले नाही.

त्याबद्दल त्याला दोष द्यायचे कारण नाही. नवा वाण शोधणारा माणूस हजारांतले एक झाड निवडतो आणि बाकीची उपटून टाकतो. उपटलेल्यांची मोजदाद कोण ठेवणार? गॉसच्या आधी, १७९९ साली, टॉमस अँड्र्यू नाइट यानेही वाटाण्यांचे संकर करून पाहिले होते. त्याचे लक्ष होते ते जोमदार वाढीवर आणि गोड दाण्यावर. ‘खाण तशी माती’ एवढे सगळ्यांनाच ठाऊक होते, आणि आजोबांचे नाक नातवाला येते हेही. त्याचा हिशेब मांडता येईल ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती.

नुसते मोजूनही भागत नाही, याचा पुरावा खुद्द चार्ल्स डार्विनने ठेवला आहे. १८६८च्या आपल्या ग्रंथात त्याने स्नॅपड्रॅगनच्या फुलझाडांचा प्रयोग सांगितला. नेहमीच्या फुलाचे आणि विकृत घाटाच्या फुलाचे झाड एकत्र केल्यावर पहिली पिढी सगळी नेहमीसारखी झाली. दुसऱ्या पिढीच्या १२७ रोपांपैकी ८८ नेहमीची, ३७ विकृत आणि २ अधलीमधली. हा आकडा तीनास एकाच्या आसपास घोटाळतो आहे, हे आज नववीतला विद्यार्थी सांगेल. डार्विनने तो लिहिला आणि पुढे गेला. आनुवंशिक गुण एकमेकांत मिसळून जातात, असेच त्याचे मत होते, आणि त्या मतात या आकड्याला काही काम नव्हते.

काम होते ते मोराव्हियातल्या ब्रनो शहरी. ग्रेगोर मेंडेलची गोष्ट आपल्याकडे एकांतात वाटाणे लावणाऱ्या साध्याभोळ्या पाद्र्याची म्हणून सांगतात. ती सोडून द्यावी अशी आहे. ब्रनो हे ऑस्ट्रियन साम्राज्यातले लोकरी कापडाचे मोठे केंद्र होते. लोकर कापडगिरण्यांना हवी, म्हणून चांगल्या लोकरीच्या मेंढ्या हव्यात, म्हणून कोणता एडका कोणत्या मेंढीला दाखवावा यावर तिथले जमीनदार आणि व्यापारी सभा भरवून वाद घालत. सेंट थॉमस मठाचे प्रमुख सिरिल नाप या मंडळींत अग्रभागी होते. वंशात नेमके काय उतरते आणि कसे उतरते, हाच खरा प्रश्न आहे, असे त्यांनी १८३०च्या दशकातच बोलून दाखवले होते. १८४३ मध्ये मेंडेल त्यांच्या मठात दाखल झाला. शेतकऱ्याचा पोर; शिक्षणासाठी धाकट्या बहिणीने आपल्या हुंड्यातला वाटा त्याला दिला होता. शिक्षकाची परीक्षा तो दोनदा उत्तीर्ण होऊ शकला नाही. मधल्या काळात, १८५१ ते १८५३, नाप यांनी त्याला व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तिथे डॉप्लरकडे पदार्थविज्ञान, एटिंग्सहाउझेनकडे गणित आणि उंगरकडे वनस्पतिशास्त्र, असा तिपेडी अभ्यास झाला. वाटाण्यांकडे तो आला तो माळ्याच्या नव्हे, पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने.

त्याची पूर्वतयारी पाहिली म्हणजे ही नजर कळते. बियाणे विकणाऱ्यांकडून त्याने वाटाण्याचे ३४ वाण आणले आणि दोन वर्षे नुसते पेरून पाहिले, की हे आपल्या वळणावर टिकतात की नाही. त्यांतले २२ ठेवले. मग गुण निवडले ते फक्त सात, आणि सगळे असे की पाहणाऱ्याला ‘हे की ते’ एवढेच सांगावे लागावे: दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, झाड उंच की बुटके. थोडा उंच, बराचसा पिवळा, असली भानगडच नाही. वाटाण्याचे फूलही या कामाला सोयीचे. पाकळ्यांच्या आत नर आणि मादी दोन्ही बंदिस्त असल्याने ते आपले आपणच फळते. कळी उमलण्याआधी चिमट्याने परागकोश काढले, हवे ते पराग लावले आणि वरून पिशवी बांधली की बाहेरचा पराग शिरत नाही. शिवाय दाण्याचा आकार आणि रंग हे आतल्या अंकुराचे गुण. म्हणजे पुढची पिढी कशी निघाली हे पाहायला ती पेरून वर्षभर थांबायचे कारण नाही. शेंग उकलली की उत्तर समोर.

१८५६ ते १८६३ हे काम चालले. मठाच्या आवारातली जेमतेम पस्तीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद जमीन, जोडीला काचघर, आणि सुमारे २८ हजार झाडे. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या संकराच्या २५३ झाडांवर ७,३२४ दाणे आले; त्यांत ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. रंगाच्या प्रयोगात ६,०२२ पिवळे, २,००१ हिरवे. सातही गुणांत तेच: तीनास एक.

पण त्याच निबंधात मेंडेलने दुसरेही काही आकडे दिले आहेत, आणि शाळेत ते कोणी सांगत नाही. एका झाडावर ४३ गोल आणि २च सुरकुतलेले दाणे आले. दुसऱ्या झाडावर १४ गोल, १५ सुरकुतलेले. रंगाच्या प्रयोगात एका झाडाने ३२ पिवळ्यांमागे एकच हिरवा दाणा दिला, तर दुसऱ्याने २० पिवळे आणि १९ हिरवे. हातात एवढीच दोन-चार झाडे असती तर कोणताही नियम दिसला नसता. त्याचे भाकीत एका दाण्याबद्दल नव्हतेच. पुढचा दाणा पिवळा की हिरवा, हे मेंडेलला सांगता येत नव्हते आणि तसा त्याचा दावाही नव्हता. आठ हजार दाण्यांत हिरवे किती, हे मात्र तो सांगू शकत होता. जमावाबद्दल खात्रीने आणि एकट्याबद्दल फक्त शक्यतेने बोलायचे, ही रीत त्याने वनस्पतींच्या बाबतीत रुजवली.

भाकीत या शब्दाला साजेसा त्याचा खरा प्रयोग वेगळाच आहे. प्रत्येक गुणासाठी आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन घटक येतात, पराग किंवा बीजांड तयार होताना त्यांतला एकच पुढे जातो, आणि कोणता जाईल ते नशिबावर, असा त्याचा तर्क होता. तो खरा असेल तर गोल-पिवळ्या संकरित झाडाचा मेळ सुरकुतलेल्या-हिरव्या मूळ वाणाशी घातल्यावर चार प्रकारचे दाणे सारख्या संख्येने यायला हवेत. तीनास एक नव्हे. एकास एकास एकास एक. हे आधी मांडून मग त्याने शेंगा उकलल्या: ३१ गोल पिवळे, २६ गोल हिरवे, २७ सुरकुतलेले पिवळे, २६ सुरकुतलेले हिरवे.

पुढे १९३६ मध्ये रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने हे आकडे तपासून शंका काढली, की ते अपेक्षेच्या जरा जास्तच जवळ आहेत. त्यावर आजवर कागदांचे ढीग झाले आहेत. नियम मात्र ज्याने ज्याने पेरून पाहिला त्याला बरोबर सापडला.

१८६५च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत मेंडेलने ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे दोन व्याख्याने दिली आणि पुढच्या वर्षी निबंध छापला. त्याच्या ४० प्रती त्याने मागवून घेतल्या. म्यूनिकच्या नेगेली या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञाने उत्तर दिले ते थंड सुरात. उलट हॉकवीड या रानफुलावरच्या प्रयोगांना उत्तेजन दिले. या झाडाचे बी पुष्कळदा परागाशिवायच धरते, म्हणून संकराचे गणित तिथे लागू पडणे शक्यच नव्हते. पण तेव्हा हे कोणाला माहीत होते? वाटाण्यांना भुंग्यांनी ग्रासले होते. १८६८ मध्ये मेंडेल मठाचा प्रमुख झाला आणि उरलेली वर्षे सरकारने मठावर लावलेल्या करांशी भांडण्यात गेली. १८८४ मध्ये तो वारला. १९०० साली ह्यूगो द व्रीज, कॉरेन्स आणि चेरमाक यांच्या लेखांतून त्याचा निबंध पुन्हा उजेडात आला.

मग गाडी केंब्रिजला आली. जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसनने मेंडेलची बाजू अशी काही उचलली की जणू घरचेच कार्य. विद्यापीठाचे दार या विषयाला अजून धड उघडले नव्हते. प्रयोग चालत ते ग्रँटचेस्टरला, बेटसनच्या घरच्या बागेत. मोजणीचे मोठे काम केले ते न्यूनम कॉलेजच्या महिलांनी. ज्या काळात केंब्रिज स्त्रियांना पदवी देत नसे, त्या काळात एडिथ सॉन्डर्स बेटसनच्या बरोबरीने प्रयोग आखत होत्या आणि अहवालांवर त्यांचे नाव होते. या विषयाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला चार ओळीही येत नाहीत, ही कंजुषी आहे.

आज मराठी मुले वहीत जी चौकट आखतात ती याच गटातली. रेजिनल्ड पनेट हा बेटसनचा सहकारी. वरच्या ओळीत एका पालकाचे पराग, डाव्या उभ्या रांगेत दुसऱ्याची बीजांडे, आणि मधल्या घरांत दोघांचा मेळ, अशी मांडणी त्याने १९०५-०६च्या सुमारास रूढ केली. मेंडेलने हेच बीजगणिताच्या अक्षरांत लिहिले होते, आणि ते वाचताना वनस्पतिशास्त्रज्ञांना घाम फुटे. चौकट आली आणि गणिताला भिणाराही भाकीत करू लागला.

चौकट कधी हुलकावणी देते, हेही याच मंडळींच्या स्वीट पीच्या वाफ्यांत कळले. पांढऱ्या फुलांची दोन झाडे एकत्र केली, तर पुढची पिढी चक्क जांभळी! त्यांच्यापोटी रंगीत आणि पांढरी यांचे प्रमाण नवास सात पडले. रंग उमटायला दोन वेगवेगळे घटक लागतात आणि दोन्ही पांढऱ्या झाडांत वेगवेगळा घटक गैरहजर होता, असे धरले की नवास सात चौकटीतूनच निघते. सोळा घरे आखून पाहावे. दुसरे कोडे मात्र सुटेना. जांभळे फूल आणि लांबट परागकण हे गुण स्वतंत्र असते, तर ६,९५२ झाडांत जांभळी-लांबट सुमारे ३,९११ यायला हवी होती. आली ४,८३१. तांबडी आणि गोल परागांची ४३५च्या जागी १,३३८. दोन गुण एकमेकांचा हात सोडायला तयार नव्हते. ते एकाच गुणसूत्रावर शेजारी बसलेले असतात, हे उत्तर काही वर्षांनी अमेरिकेत मॉर्गन या शास्त्रज्ञाने प्रयोगासाठी पाळलेल्या फळमाश्यांनी दिले. बेटसनला ते पुष्कळ काळ पटले नाही.

पनेटच्या नावावर आणखी एक प्रश्न आहे, तोही जमावाचाच. प्रभावी गुण हळूहळू सगळीकडे पसरून तीनास एकावर येऊन थांबायला नको का, असे कोणीतरी विचारले आणि त्याला उत्तर सुचेना. त्याने ते क्रिकेटमधला आपला सोबती जी. एच. हार्डी या गणितज्ञाला विचारले. प्रभावी म्हणजे संख्येने वाढणारा नव्हे, एवढे सांगायला हार्डीला जुजबी गणित पुरले. १९०८ साली त्याने ते पत्ररूपाने छापले, तेही जरा अवघडूनच, की इतक्या सोप्या गोष्टीसाठी आपण शाई खर्च करतो आहोत. त्याच वर्षी जर्मनीत वाइनबर्ग या डॉक्टरने तेच गणित स्वतंत्रपणे मांडले.

शेतीला या विद्येचा पहिला ठोस उपयोग दाखवला तो केंब्रिजच्याच रोलंड बिफनने. गव्हाचा पिवळा तांबेरा झेलणारे आणि त्याला बळी पडणारे असे वाण एकत्र करून १९०५ मध्ये त्याने दाखवले, की प्रतिकार हाही मेंडेलच्या नियमाने चालणारा गुण आहे आणि त्याच्या वाणांत तो अप्रभावी आहे. पहिली पिढी सगळी तांबेऱ्याने भरली. दुसरीत चौथा हिस्सा स्वच्छ निघाला. पहिल्याच पिढीला कंटाळून ज्याने ते शेत नांगरले असते, त्याच्या हाती काही लागले नसते. थांबायचे कुठवर आणि निवडायचे कधी, हे आता आधी सांगता येत होते. त्याचा ‘लिटल जॉस’ गहू १९१० मध्ये शेतकऱ्यांकडे गेला.

इथवर या विद्येचा रोख शुद्ध वाणाकडे होता: दुसऱ्या पिढीची फाटाफूट होऊ द्यायची, तीतून हवे ते निवडायचे आणि ते स्थिर करायचे. आपल्याकडची मालदांडी ज्वारीही अशाच शुद्ध वाणांतली आहे. मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीला अजून टिकून आहे, आणि शेतकरी घरचे चांगले कणीस राखून तेच पुढच्या साली पेरू शकतो.

मक्यावर काम करणाऱ्या अमेरिकनांनी मात्र गणित उलटे वापरले. दोन शुद्ध वाणांची पहिली पिढी जोमदार आणि एकसारखी असते. फाटाफूट दुसऱ्या पिढीत होते. मग पहिलीच पिढी विकावी. बी राखणाऱ्याच्या रानात पुढच्या वर्षी उंच, बुटकी, लवकर येणारी, उशिरा येणारी अशी सगळी वरात उभी राहणार, म्हणून तो दर साली दुकानात येणारच. बियाण्याच्या धंद्याला कुलूप लावायला वेगळा कायदा लागला नाही. ते मेंडेलच्या गणितातच होते.

ज्वारीत अडचण अशी, की फूल इवलेसे आणि नर-मादी एकत्र. चिमट्याने किती कणसे साफ करणार? १९५४ मध्ये टेक्सासमध्ये परागच न देणारी, नरवंध्य ज्वारी तयार झाली आणि वाट मोकळी झाली. हा वंध्यपणा पेशीतल्या केंद्रकाबाहेरच्या द्रव्यातून फक्त आईकडून उतरतो, म्हणजे चौकटीला न जुमानणारा. तो दूर करणारे जनुक मात्र बापाकडून चौकटीच्या नियमाने येते. या जोरावर १९६४ मध्ये सीएसएच-१ हा भारतातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको कंपनी काढली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना खरिपात हायब्रीड ज्वारी महाराष्ट्रभर गेली. उतारा वाढला. कडबा कमी, पावसात सापडली तर कणसे काळी, भाकरीला ती चव नाही, अशा तक्रारीही झाल्या. त्या खोट्या नव्हत्या: झाड बुटके आणि लवकर येणारे हवे म्हणूनच निवडले होते, त्यामुळे कडबा घटणार आणि दाणा पावसात सापडणार, हे त्या निवडीतच होते.

कापसात चिमटा परतला. १९७० मध्ये सुरतच्या केंद्रात सी. टी. पटेल यांनी एच-४ हा व्यापारी लागवडीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला. त्याचे बी करायला प्रत्येक कळी संध्याकाळी हाताने सोलून पुंकेसर काढायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे. अमेरिकेला ही मजुरी परवडणारी नव्हती. इथे ती स्वस्त होती, म्हणून संकरित कापूस ही भारताची खासियत ठरली. विदर्भ-मराठवाड्यात एच-४, मग नांदेडचा एनएचएच-४४ यांनी रान व्यापले.

२००२ मध्ये बोंडअळीला विषारी ठरणारे बीटी जनुक आले तेही याच संकरित वाणांत, आणि इथे मेंडेलचा हिशेब कोणाच्या मनात नव्हता त्या जागी निघाला. पाकिटातले बी ही पहिली पिढी. तिच्या झाडावर धरलेल्या बोंडातली सरकी ही दुसरी. बहुतेक संकरांत बीटी जनुक एकाच पालकाकडून आलेले, तेव्हा झाड पूर्ण बीटी असले तरी बोंडातल्या चार सरक्यांपैकी एकीत ते नसते. २००६ पासून आलेल्या दोन जनुकांच्या बीजी-२ मध्ये प्रमाण नवास तीनास तीनास एक: सोळांत एक सरकी दोन्ही विषांविना, सहांत कोणते तरी एकच. गुलाबी बोंडअळी नेमकी बोंडात शिरून सरकी खाते. एकाच बोंडात विषारी, अर्धविषारी आणि निर्विष खाणे मिळाले तर प्रतिकारक अळ्यांना पाय रोवायला जागा मिळते, असा कापूस शास्त्रज्ञांचा आक्षेप आहे.

कडेने बिगर-बीटी कापूस लावायचा नियम त्याच गणितावर उभा होता. अळीतला प्रतिकार अप्रभावी; म्हणून प्रतिकारक पतंगाला कडेच्या ओळींतला साधा जोडीदार मिळाला तर त्यांची पिले बीटीला बळी पडणार. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बी मिळे. पुष्कळांनी ते पेरलेच नाही. आपल्याच हाताने अळीला कुरण कोण देईल? गुजरातेत अळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचे २०१०च्या सुमारास जाहीर झाले, आणि २०१७च्या हंगामात महाराष्ट्रात बीजी-२ची बोंडे किडकी निघाली. अमेरिकेत बीटी कापूस सरळ वाणांचा, प्रत्येक सरकीत जनुक असलेला. तिथे वंध्य पतंग सोडणे आणि इतर उपायांची जोड देऊन २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे सरकारने जाहीर केले. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने रजत आणि सुरज या सरळ वाणांत बीटी जनुक आणले आहे. त्यांची सरकी शेतकऱ्याला घरी राखून पेरता येते. बाजारातली बहुतेक पाकिटे मात्र संकरित बियाण्याचीच आहेत.